आधी टायर, मग रिम

दुकानात येणारी पोरं पहिला प्रश्न एकच विचारतात, "काका, किती इंची बसंल?" गाडी बहुतेक वेळा स्विफ्ट असते, कधी आय-ट्वेंटी, कधी वडिलांची जुनी ऑल्टो. स्प्रिंगा बदलून झालेल्या असतात, नाहीतर बदलायचं ठरलेलं असतं. मोबाइलमध्ये एक फोटो असतो. चाक मडगार्डच्या पाळीला चिकटलेलं, मधे बोटसुद्धा शिरणार नाही असं. तसंच हवं असतं. मी कोल्हापुरात टायर आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतो. खाली बसवलेल्या लहान गाड्यांचं काम या पोरांमुळेच माझ्याकडे आलं आणि ते मला मनापासून आवडतं. नीट बसवलेली लहान गाडी वळणात कशी चिकटून जाते हे ज्यानं एकदा अनुभवलंय, त्याला या पोरांच्या वेडाचं कारण समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच त्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. बसायला सतरा इंचीही बसतं. चार नट आवळले की रिम बसली. तीच गाडी चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन भर पावसात करूळ घाट उतरून कोकणात जाणार असते, तेव्हा टायर कुठे घासेल, कुठे फुटेल, आतून किती झिजेल, हे रिम विकत घ्यायच्या आधी बघायचं असतं.

पोरं रिमपासून सुरुवात करतात. डिझाइन आवडलं, रंग आवडला, पैसे जमले, रिम घेतली. टायर मग त्या रिमवर जो बसेल तो. मला हा क्रम उलटा करायला लावावा लागतो. आधी टायरचा बाहेरचा व्यास ठरवायचा, मग त्याची रुंदी, मग त्या टायरला शोभेल अशी रिम, आणि सगळ्यात शेवटी डिझाइन.

व्यासाचं गणित शाळेतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ असं छापलेलं असतं. रुंदी १८५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. झाले ६२१.५. हा २०१८ सालच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा टायर. आता तिचं खालचं मॉडेल घ्या. त्याला १६५/८० आर १४ येतो. हिशेब करा, ६१९.६ येतात. एकाच गाडीला कंपनीनं दोन वेगळ्या रिमा दिल्या, मधे एक इंचाचा फरक ठेवला, टायरची रुंदी वीस मिलिमीटरनं बदलली, पण बाहेरचा व्यास दोन मिलिमीटरच्या आत राखला. ऑल्टोचंही तसंच. साध्या ऑल्टोचा १४५/८० आर १२ आणि के-टेनचा १५५/६५ आर १३, या दोहोंत पाच मिलिमीटरचा फरक आहे. ज्यांनी गाडी बनवली ते रिम मोठी करताना साइडवॉल कमी करतात आणि चाक मात्र तेवढंच ठेवतात. मी पोरांना कागदावर हे मांडून दाखवतो. त्यानंतर बोलणं सोपं जातं.

व्यास का राखायचा, तर गाडीचे गिअर, स्पीडोमीटर, मडगार्डच्या आतली जागा आणि पोटाखालची उंची, हे सगळं त्या एका मापावर बेतलेलं असतं. इचलकरंजीचा एक पोरगा स्विफ्ट घेऊन आला होता. स्प्रिंगा तीस मिलिमीटर खाली नेणाऱ्या आणि टायर १९५/५० आर १५. दुकानदारानं सांगितलं होतं, रिम कंपनीचीच पंधरा इंची आहे, टायर रुंद घे, काही बिघडत नाही. त्या टायरचा व्यास ५७६ येतो. मूळ टायरपेक्षा सव्वासात टक्के कमी. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी मुळात जेवढी पळायची त्यापेक्षा सात किलोमीटर हळू पळते. किलोमीटर मात्र भराभर पडतात, म्हणजे सर्व्हिसही लवकर आणि गाडी विकताना आकडाही फुगलेला. पण त्या पोराची तक्रार या कशाचीच नव्हती. "काका, प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली आपटतीया."

आपटणारच. व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटरनं कमी झाला, त्याच्या निम्मं म्हणजे जवळजवळ तेवीस मिलिमीटर गाडी नुसत्या टायरनं खाली आली. या स्विफ्टच्या पोटाखाली कंपनीतून निघताना १६३ मिलिमीटर असतात. स्प्रिंगांनी तीस खाल्ले, टायरनं तेवीस. उरले एकशे दहा. त्यात माणसं बसली की आणखी कमी.

इथे स्पीडब्रेकरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लहान गाडी किती खाली न्यायची हे आपल्याकडे स्पीडब्रेकरच ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असायला हवा. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १०० मिलिमीटर. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर आहे. म्हणजे गाडी बरोबर मधोमध असताना चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली वर येणारा उंचवटा जेमतेम ४४ मिलिमीटरचा असतो. शंभर मिलिमीटर क्लिअरन्सची गाडीसुद्धा त्यावरून न टेकता जाईल. पण आपल्या गावागावांत रस्त्यावर हातभर रुंदीची, वीतभर उंचीची डांबराची वळकटी टाकलेली असते. तिथे चाकं अलीकडे-पलीकडे आणि सगळी उंची पोटाखाली. अशा ठिकाणी इंजिनचा चेंबर आधी टेकतो, मग सायलेन्सर. म्हणून मी सांगतो की गाडी खाली न्यायची ती स्प्रिंगनं न्या, टायरनं नको. स्प्रिंग दबते, पुन्हा उठते. लहान टायरनं गेलेली उंची कधीच परत मिळत नाही.

आता घासण्याबद्दल. गाडी खाली बसवली की टायर मडगार्डला घासतो, असा सगळ्यांचा समज असतो. निम्मं खरं आहे. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा एक ठोकळा असतो, त्याला बंपस्टॉप म्हणतात. खड्ड्यात चाक वर येतं ते त्या ठोकळ्याला टेकेपर्यंतच. मूळ शॉकअप आणि मूळ बंपस्टॉप असेल, तर खाली बसवलेल्या गाडीचं चाक जास्तीत जास्त जिथपर्यंत वर जातं, तिथपर्यंत ते मूळ उंचीच्या गाडीतही जात होतंच. फरक एवढाच की आधी ते मोठ्या खड्ड्यात जायचं, आता रोज जातं. म्हणजे कंपनीच्या मापाचा टायर कंपनीच्या जागी असेल तर नुसत्या स्प्रिंगनं तो घासायला लागत नाही. घासतो तो बाहेर आलेल्या रिममुळे, जास्त रुंद टायरमुळे, किंवा कुणीतरी बंपस्टॉप कापून टाकलेला असतो म्हणून. हे मला समजलं तेव्हापासून खाली बसवलेल्या प्रत्येक गाडीत मी पहिली टॉर्च बंपस्टॉपवर मारतो.

आणि स्प्रिंग कापलेली असेल तर मी पुढचं कामच घेत नाही. स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की ती कडक होते, हे पोरांना चांगलं वाटतं. पण गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबकळलं, की कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते आणि कधी सरकतेही. घाटात एखाद्या उंचवट्यावरून चाक हवेत गेलं तर तेच होणार. गॅसकटरनं तापवून दबवलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट, तिचा ताव गेलेला असतो आणि ती दिवसेंदिवस बसतच जाते. लोअरिंगची तयार स्प्रिंग त्या उंचीसाठी बनवलेली असते आणि लोंबकळतानाही बैठक सोडत नाही.

माप घ्यायची माझी पद्धत वेळखाऊ आहे, पण मी ती सोडलेली नाही. गाडी स्टँडवर घ्यायची. एका बाजूची स्प्रिंग काढून शॉकअप बंपस्टॉपसकट परत बसवायचा. जुनं चाक लावायचं, खालच्या आर्मला जॅक लावून चाक हळूहळू वर उचलायचं, बंपस्टॉप दबेपर्यंत. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि फिरवताना तीन ठिकाणी बघायचं: बाहेर मडगार्डची पाळ, आत शॉकअपची नळी, आणि मागे मडगार्डच्या आतल्या लायनरचा तो कोपरा जिथे बंपर येऊन मिळतो. प्रत्येक ठिकाणची फट मोजून ठेवायची. सगळ्यात वाईट परिस्थितीतली जागा आपल्या हातात येते. नवं चाक किती बाहेर, किती आत येऊ शकतं हे मग अंदाजाचं राहत नाही. आतल्या बाजूला किमान पाच-सहा मिलिमीटर हवेतच, कारण वळणात टायर आणि रबराच्या बुशा दोन्ही थोड्या सरकतात.

उंची मोजतानाही मी जमिनीपासून मोजत नाही. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या पाळीपर्यंत मोजतो. टायर बदलला, हवा कमीजास्त झाली, तरी हे माप हलत नाही.

रिमच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. तो ऑफसेट. रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते तो सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ६ जे, म्हणजे सहा इंच रुंद, आणि ईटी ४५ आहे आणि पोरानं ७ जे, ईटी ३५ पसंत केली. रुंदी एक इंचानं वाढली, तिचा अर्धा भाग बाहेर, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ऑफसेटचे दहा त्यात मिळवा. चाकाची कड बावीस-तेवीस मिलिमीटर बाहेर आली. लहान गाडीच्या मडगार्डमध्ये एवढी जागा नसते. साडेसहा जे, ईटी ४० घेतली तर तीच कड अकरा-साडेअकरा बाहेर येते, आत दीड मिलिमीटरही सरकत नाही, आणि बहुतेक गाड्यांत हे जमतं. दिसायलाही गाडी भरलेली दिसते. पोरांना मी दोन्ही आकडे सांगतो आणि टेप हातात देतो.

चाक फार बाहेर आलं की घासणं ही एकच भानगड नसते. स्टिअरिंग ज्या रेषेवर फिरतं ती रेषा जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरचा टेका दूर जातो. मग एका चाकाखाली खड्डा आला किंवा ब्रेकच्या वेळी एका बाजूला चिखल आला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. स्पेसर लावूनही नेमकं हेच होतं.

मागच्या चाकांना पोरं विसरतात. स्विफ्टसारख्या गाडीला मागे आडवा बीम असतो, चाकाचा कल तिथे फारसा बदलत नाही. म्हणून पुढे मोकळी फिरणारी रिम मागे मात्र पाळीला लागते, तीही तिघे मागे बसून डिकीत सामान असतानाच. दुकानात रिकाम्या गाडीवर सगळं छान दिसतं. काहीजण पाळीची आतली कड रोलरनं मुडपून घेतात. रंग तापवून हलक्या हातानं केलं तर जमतं, पण तिथला रंग बारीक तडकला की एका पावसाळ्यात गंज धरतो. कोकणात ये-जा असणाऱ्याला मी मुडपायला नाही म्हणतो.

बोल्टांच्या वर्तुळाचा, म्हणजे पीसीडीचा घोळ इतका साधा असूनही किती माणसं अडकतात. स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ. मारुती आठशे आणि जुन्या ऑल्टोला ११४.३. फियाटच्या पुंटोला ९८. पुंटोवर शंभरची रिम बसवून फिरणारी गाडी मी पाहिली आहे. प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर, बोल्ट तिरके आवळलेले. ऐंशीच्या वर गेली की गाडी थरथरायची आणि मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेत होता. ती रिम मी उतरवली आणि परत बसवली नाही.

थरथरण्याचं दुसरं कारण हबचं भोक. स्विफ्टच्या हबचा गोल ५४.१ मिलिमीटरचा. बाहेरच्या रिमांचं मधलं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं, ६७.१ किंवा ७३.१. मग रिम हबवर न टेकता फक्त नटांवर लोंबकळते. मधे बरोबर मापाची रिंग हवी. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनिअमची अशी रिंग काढून मिळते. कारागिराच्या हातात हबचं आणि रिमचं माप द्या, तो व्हर्नियर लावतो आणि अशी काढतो की ती हाताच्या दाबानं बसते आणि हलवली तर हलत नाही. कोल्हापूरचा हा फायदा मला रोज जाणवतो. एवढ्याशा रिंगेनं गाडी शंभरच्या वेगाला शांत झाल्यावर मालकाच्या चेहऱ्यावरचा भाव बघण्यासारखा असतो. नटांचंही बघून घ्यावं. सुझुकीचा आटा १.२५ चा, होंडाचा आणि ह्युंदाईचा १.५ चा. बसायची जागा कुठे निमुळती तर कुठे गोल. बळजबरीनं घुसवलेला नट स्टडचा आटा खातो. टॉर्कपान्यानं आवळून, शंभरएक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळायला यावं म्हणून मी सांगतो, आणि जे येतात त्यांचे पैसे घेत नाही.

गडहिंग्लजचे एक शिक्षक मुलाची गाडी घेऊन आले होते. मुलगा पुण्याला नोकरीला, गाडी वडिलांकडे. नवे टायर वर्ष व्हायच्या आत आतून तारा दिसेपर्यंत झिजलेले. बाहेरून बघितलं तर नक्षी शाबूत. सर म्हणाले, "त्या लोअरिंगमुळे चाकं तिरकी झाली, असं सगळे सांगतात. मूळ स्प्रिंगा लावून टाका." मी त्यांना म्हटलं, "सर, आधी मशीनवर बघू या."

चाक तिरकं होतं हे खरं. पुढचा सस्पेन्शन मॅकफर्सन प्रकारचा असला आणि गाडी खाली आली की चाकाचा माथा थोडा आत कलतो. त्याला कॅम्बर म्हणतात. पण तीसेक मिलिमीटर खाली येण्यानं आलेल्या कॅम्बरनं टायर वर्षात तारेवर येत नाही. टायर खातो तो टो. गाडी खाली आल्यावर टायरॉडचा कोन बदलतो आणि दोन्ही चाकांची तोंडं थोडी फाकतात किंवा मिटतात. मग चाक पुढे जाताना सतत किंचित आडवं घसटत जातं. आत कललेलं चाक आणि त्यात फाकलेला टो, म्हणजे आतली कड संपलीच. मशीनवर टो भलताच बाहेर निघाला. स्प्रिंगा बदलल्यापासून अलाइनमेंट झालीच नव्हती. टो बसवला, नवे टायर टाकले, स्प्रिंगा त्याच ठेवल्या. सरांना मी एवढंच सांगितलं की हजार किलोमीटर झाले की या, स्प्रिंगा अजून थोड्या बसतात, तेव्हा पुन्हा बघू. ते आले, आणि टायर सपाट झिजत होता. स्प्रिंगा बदलल्या की अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा एकदा. यात सूट नाही.

आता साइडवॉलकडे येतो. मोठी रिम मागणाऱ्या पोराला मला शेवटी इथेच आणावं लागतं. सतरा इंची रिमवर २०५/४५ टायर टाकला तर व्यास ६१६ येतो, गणितात बसतो. पण साइडवॉल राहते ब्याण्णव मिलिमीटर. मूळ चौदा इंचीत ती १३२ होती. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खड्ड्याची कड रिमला लागायला मधे रबर किती आहे, तर एवढंच. खड्ड्यात टायर रिमच्या कडेवर चिमटला की आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. वाकलेली रिम ठोकून घेणारे आहेत, चिरलेली अलॉय वेल्डिंग करून देणारेही आहेत. वेल्डिंग केलेली रिम मी कुणाच्या गाडीला चढवत नाही. पुढच्या खड्ड्यात ती कुठून सुटेल हे सांगता येत नाही आणि गाडीत माणसं असतात.

वजनही आहे. चांगली पंधरा इंची अलॉय काट्यावर ठेवली तर साडेसहा-सात किलो भरते. स्वस्तातली सतरा इंची दहाच्या आसपास जाते. बाराशे सीसीच्या इंजिनाला ही चार चाकं फिरवायची असतात आणि स्प्रिंगांना ती खड्ड्यातून सावरायची असतात. गाडी जड लागते, पिकअप मरतो. लहान गाडीचा हलकेपणा हाच तिचा गुण, आणि तो गुण घालवून मिळवलेलं रूप मला पटत नाही.

रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची एक टूम आहे. १९५/५५ चा टायर साडेपाच ते सात इंची रिमसाठी बनवलेला असतो. आठ जेवर तो ताणला की साइडवॉल तिरपी होते, रिमची कड टायरच्या बाहेर डोकावते, आणि हवा थोडी कमी झाली तरी बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, सुटू शकते. असं काम माझ्याकडे मागणारे बरेच येतात. मी करत नाही.

टायरवर मापापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, ८८ एच असं काहीतरी. आकडा भाराचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८२ म्हणजे ४७५. इचलकरंजीच्या त्या गाडीवरचे टायर ८२ चे होते. ब्रेक मारताना बरंचसं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, तेही पाच माणसं भरलेली असताना. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनी ८५ चा टायर देते, म्हणून ८५ च्या खाली मी उतरत नाही. आणि पावसाचं लक्षात ठेवावं. टायर जितका रुंद तितकं पाणी बाजूला सारणं अवघड. गगनबावड्याकडच्या पावसात रुंद, झिजलेल्या टायरवर वेगात जाणं म्हणजे गाडी पाण्यावर तरंगायला सोडणं. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. खाली बसवलेल्या गाडीत ती आतल्या कडेला मोजावी, बाहेर नव्हे.

कायद्याचं बोलायचं तर तेही मी लपवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक पोलिसाला लांबून दिसतं. अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारेल याचाही विचार करावा. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जे माप दिलंय, त्याच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं.

मग इचलकरंजीच्या पोराच्या गाडीला काय लावलं? त्याच्या रिमा चांगल्या होत्या, त्या ठेवल्या. टायर १९५/६० आर १५ टाकले. व्यास ६१५, मूळच्यापेक्षा एक टक्का कमी. पोटाखालचे जवळपास वीस मिलिमीटर परत मिळाले आणि भाराचा आकडा ८८ झाला. टायर मोठा झाल्यानं मडगार्डमधली फटही आपोआप भरली. पोरगं गाडीभोवती दोनदा फिरलं आणि म्हणालं, "काका, ही तर आधीपेक्षा भारी दिसाय लागली." कमी व्यासाच्या टायरनं मडगार्डमध्ये पोकळी राहते, आणि ती झाकायला पोरं गाडी आणखी खाली नेतात, हे त्याला तेव्हा दिसलं.

तीस मिलिमीटर खाली बसवलेल्या स्विफ्टला माझी पसंती हीच: १९५/६० आर १५, सहा किंवा साडेसहा जे रिम, ईटी ४० ते ४५. शहरातच फिरणाऱ्याला १९५/५५ आर १५ चालेल, पण त्यात आणखी दहा मिलिमीटर उंची जाते हे कबूल करून. सोळा इंचीच हवी असेल तर १९५/५५ आर १६, तिचा व्यास मूळ टायरशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. सतरा इंचीला या गाडीत, आपल्या रस्त्यांवर, माझा नकार आहे.

पोरांनो, रिमचे पैसे द्यायच्या आधी गाडी कुठल्याही चांगल्या दुकानात न्या, एका बाजूची स्प्रिंग काढून चाक बंपस्टॉपला टेकवायला सांगा, आणि जागा स्वतः टेपनं मोजून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. रिम त्यानंतर निवडा.